आईच्या ‘स’चं माप

कवळी उत्तम बसली, पण ‘स’ काही बसला नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

कवळी काटेकोर यांच्या आईची. काटेकोर हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. हे काम कचेरीत ठेवून घरी यावं ना? पण नाही. घरीसुद्धा ते दूध मापून घ्यायचे, जिना पायऱ्या मोजत चढायचे, आणि बायको ‘एक मिनिट हं’ म्हणाली की मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव काटेकोर ठेवलं. त्यांना ते कौतुक वाटलं. बायकोने त्यांचा हा गैरसमज कधी दूर केला नाही. तेवीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी सोडून द्यायला तीही शिकली होती.

तर कवळी. आईचं वय चौऱ्याहत्तर. जुनी कवळी सैल झाली होती, म्हणून काटेकोर यांनी तिला सरकारी दंत दवाखान्यात नेऊन नवी करून आणली. आई घरी आली, खुर्चीत टेकली, सुनेकडे बघून हसली आणि म्हणाली, “सूनबाई, साखर संपली का?”

एका वाक्यात तीन शिट्ट्या. साध्यासुध्या नाहीत, पंचाने खेळ थांबवावा तशा. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांचा कुत्रा तीन जिने चढून दारात येऊन उभा राहिला आणि ‘बोलावलंत?’ अशा चेहऱ्याने शेपटी हलवू लागला. काटेकोर यांना हसू आलं. बायकोलाही आलं. आईला आलं नाही. तिने ओठ मिटले, कुत्र्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी साखरेचा विषय तिथेच संपला.

एवढ्यावर भागलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण चार वाजायचे होते.

रोज दुपारी चारला आईच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे मावशीचा, फोन यायचा. मावशी राहायची दूर, दुसऱ्या गावी. सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली. तेव्हापासून जग म्हणजे आवाज, आणि आवाजांमध्ये पहिला नंबर धाकट्या बहिणीचा. दोघी तासभर बोलायच्या. बोलायच्या म्हणजे भांडायच्या. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका फ्रॉकचा निकाल अजून लागायचा होता.

त्या दिवशी फोन वाजला. आईने घसा साफ केला, रिसीव्हर उचलला आणि जपून, एकेक शब्द निवडून म्हणाली, “हॅलो. बऱ्या आहात ना? गोळ्या वेळेवर घेता ना?”

मग मावशी म्हणाली, “कोण बोलतंय?”

“मी बोलते आहे,” आई आणखी जपून म्हणाली. “हवा कोरडी आहे ना तिकडे?”

“बाई, मला काही नको आहे,” मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

आई कितीतरी वेळ रिसीव्हर हातात धरून बसली. तिचा चेहरा काटेकोर यांनी पाहिला आणि रिसीव्हर तिच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला. जिच्याकडे आवाजाखेरीज दुसरं काही उरलं नाही, तिलाच हा आवाज ओळखू आला नव्हता. दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला, तेव्हा आई उठून आतल्या खोलीत गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. फोनपुरती तिने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

मग मावशीशी खोटं बोलायची जबाबदारी काटेकोर यांच्यावर आली. ज्या माणसाने पाच ग्रॅमच्या फरकासाठी दुकानदारांना घाम फोडला, तो माणूस रोज चारला थापा मारू लागला. आई झोपली आहे. आई शेजारी गेली आहे. आई केस धुते आहे. ही केस धुण्याची थाप त्यांना इतकी आवडली की दोन आठवड्यांत आईने, फोनच्या हिशेबाने, नऊ वेळा केस धुतले. “टक्कल पडेल रे तिला,” मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं ते काटेकोर यांना ऐकवेना.

घरातही आईने ‘स’ टाकला. पण बोलणं थांबवेल ती आई कसली? तिने वाटा काढल्या. सुनेला ती ‘अगं ए’ म्हणू लागली. एकदा म्हणाली, “चहात गोड पूड कमी आहे. ती ढवळायची दांडी दे.” बायकोने मुकाट्याने साखर आणि चमचा आणून दिला. सगळ्यात वाईट गत खुद्द काटेकोर यांची झाली. एक्कावन्न वर्षं आई त्यांना ‘सोन्या’ म्हणत आली होती. चारचौघांत म्हणायची, एकदा तर त्यांच्या साहेबांसमोर म्हणाली होती, आणि ते दर वेळी लाजेने अर्धे व्हायचे. आता ते ‘अरे’ झाले. नुसते ‘अरे’. असं कुणी हाक मारली की मागे वळून बघावं लागतं, आपल्यालाच म्हणाले का म्हणून.

“आईंशी नीट बोला तरी एकदा,” बायको म्हणाली.

“बोलून काय होणार? दोष कुठे आहे ते आधी शोधायला हवं,” काटेकोर म्हणाले. दोष, फरक आणि तफावत हे शब्द उच्चारले की त्यांना जरा बरं वाटायचं.

इमारतीत ही बातमी कुणी पसरवली नाही. कुत्र्याने पसरवली. पुन्हा शिट्टी वाजेल या आशेने तो दिवसातून चार वेळा तिसऱ्या मजल्यावर जायचा, आणि तो का जातो, याची चौकशी होणारच. पोस्टमास्तर म्हणाले, “अहो, चांगलं आहे की! माझ्या हाकेला ओ देत नाही लेकाचा. आईंना म्हणावं, संध्याकाळी खिडकीतून जरा ‘सोमवार’ म्हणा, म्हणजे तो फिरून परत येईल.” काटेकोर यांनी त्यांच्याकडे जप्तीच्या वजनाकडे पाहावं तसं पाहिलं.

खाली दुकान असलेल्या शिंप्याने वेगळा विचार मांडला. पस्तीस वर्षं त्याच्या ओठांत टाचण्या होत्या. “ओठ मिटून जे शब्द बोलावे लागतात ना, ते मी बोलतच नाही,” त्याने टाचण्या काढून सांगितलं, कारण हे वाक्य टाचण्यांसकट बोलता येणारं नव्हतं. “कंबर म्हणायचं असलं की बोटाने दाखवतो. गिऱ्हाइकाला कळतं. आईंनाही दाखवू द्या बोटाने.” मग त्याने टाचण्या परत ओठांत धरल्या आणि काटेकोर यांच्या विजारीची शिवण उसवलेली बोटाने दाखवली.

शेवटी काटेकोर दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या कारकुनाने कवळी तक्रार अर्ज पुढे सरकवला. त्यात तीन प्रश्न होते. दुखते का? हलते का? चावता येते का?

“शिट्टी वाजते, हे कुठे लिहू?” काटेकोर यांनी विचारलं.

“कवळी चावायला देतात,” कारकून म्हणाला. “बोलण्याचं आमच्याकडे नाही.”

“मग कुणाकडे आहे?”

“तो विभाग मंजूर आहे. उघडलेला नाही.”

काटेकोर स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे हे उत्तर त्यांना पूर्ण समजलं आणि म्हणूनच जास्त लागलं. त्यांनी ‘इतर’ या रकान्यात लिहिलं. ‘इतर’ लिहिलं की प्रकरण समितीपुढे जातं, आणि समितीचा नियम असा की रुग्णाने आपली तक्रार स्वतः बोलून दाखवावी. ज्या बाईने ‘स’ सोडला तिने तो बोलून दाखवायचा! काटेकोर यांनी आईला कसंबसं तयार केलं. वाटेत तिला समजावलं, की फक्त ‘सकाळी सात वाजता’ एवढंच म्हण, बाकी मी बघतो.

समितीत तीन डॉक्टर होते. मधल्याने प्रेमाने विचारलं, “काय त्रास आहे, आजी?”

आईने तिघांकडे पाहिलं. भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिलं. तिघा परक्या डॉक्टरांसमोर शिट्टी वाजवणारी ती बाई नव्हती. ती ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “दात उत्तम आहेत. हलत नाहीत, दुखत नाहीत. बदाम, मका, काहीही खाते. तक्रार मुलाची आहे, माझी नाही.”

एकही शिट्टी नाही. काटेकोर तोंडाचा आ करून बघत राहिले. समितीने नोंद केली: रुग्ण समाधानी, मुलगा असमाधानी. मुलाचे दात तपासावेत का, अशीही एक सूचना आली होती, पण वेळेअभावी ती बारगळली.

निघताना तिघांतली तरुण दंतवैद्य त्यांच्या मागे बाहेर आली. “मला शिट्टीचं कळलंय,” ती हळूच म्हणाली. “त्या दिवशी कवळी बसवताना मी ऐकली होती. पण जीभ नक्की कुठे लागते ते कळल्याशिवाय घासायचं कुठे? महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना विचारून या, मी घासून देते.”

ध्वनिशास्त्राच्या बाई नकाशे, आरसे आणि मातीचे जबडे यांनी भरलेल्या एका चिंचोळ्या खोलीत बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले. “‘चहा’ म्हणताना शिट्टी येते का हो?”

“नाही.”

“आणि ‘चमचा’ म्हणताना?”

काटेकोर यांना ढवळायची दांडी आठवली. “चमचा तर ती म्हणतच नाही!”

“वा!” बाईंनी टेबलावर थाप मारली. “अहो, ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. लिहिताना एकच, पण ‘चमचा’तल्या चच्या पोटात ‘स’ दडलेला आहे. हे समजायला माझ्या विद्यार्थ्यांना अर्धं वर्ष लागतं. तुमच्या आईंनी चार दिवसांत काढलं की!” आईबद्दल एवढं चांगलं त्या पंधरवड्यात कुणी बोललं नव्हतं. काटेकोर यांना भरून आलं.

मग बाईंनी त्यांचा हात त्यांच्याच गळ्यावर ठेवायला लावला. “‘झरा’तला झ लांबवा. काय होतं?” गळा गुणगुणला. “आता ‘स’ लांबवा.” गळा गप्प. “बघा, ‘स’मध्ये गळ्याचं काही काम नाही. नुसती हवा. जीभ मध्ये खोलगट होते, दातांच्या मागे जरा उंच जागा असते तिच्याजवळ जाते, आणि त्या बारीक फटीतून हवा दातांवर आपटते. फट हवी तशी असली तर ‘स’. जीभ मागे नेली तर ‘श’. आणि फट नको तिथे नको तेवढी झाली तर शिट्टी.” काटेकोर बसमध्ये गळ्यावर हात ठेवून ‘स्स्स’, ‘झ्झ्झ’ करत घरी आले. शेजारच्या आसनावरचा गृहस्थ पुढच्या थांब्यावर उतरला. त्याला बहुधा तिथे उतरायचं नव्हतं.

उपाय बाईंनी अगदी सोपा सांगितला होता. कवळीच्या आतल्या बाजूवर तोंडाला लावायची पावडर भुरभुरायची, अलगद बसवायची, एकदाच ‘स’ म्हणायला लावायचं आणि काढून बघायचं. जिथे जीभ लागली तिथली पावडर गेलेली असते. कवळी नसलेल्या माणसाचं बघायचं तर औषधी कोळशाची पूड खायच्या तेलात कालवून जिभेला लावायची आणि आरशात टाळू बघायची. पाच मिनिटांचं काम.

पण आई म्हणाली, “माझ्या तोंडाला आता कुणी हात लावणार नाही.” आणि काटेकोर यांच्या डोक्यात एक विचार आला. हे त्यांच्या आयुष्यात फार वेळा व्हायचं नाही, आणि झालं की इमारतीला भोगावं लागायचं. त्यांच्या कचेरीत, काचेच्या पेटीत, एक प्रमाण किलो होता. सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची. मग आईचा ‘स’ कशाशी ताडायचा? प्रमाण ‘स’ कुठे आहे? एका माणसाच्या जिभेवर भरवसा ठेवणं शास्त्राला धरून नव्हतं. निदान नऊ तरी जिभा हव्यात, आणि मग सरासरी.

“नऊ कशाला?” बायकोने विचारलं.

“दहा जण कुठून आणू?” काटेकोर म्हणाले.

सुट्टीच्या शनिवारी सकाळी पहिल्या मजल्याच्या जिन्यावर नऊ माणसं ओळीने बसली. पोस्टमास्तर, शिंपी (टाचण्यांविना, त्यामुळे ओळखू न येणारा), दुसऱ्या मजल्यावरची नर्स, तिचा नवरा, आणखी चौघं शेजारी आणि स्वतः काटेकोर. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. काटेकोर वाटीतला काळा लेप ब्रशने एकेकाच्या जिभेवर लावत होते आणि वहीत टाळूची चित्रं काढत होते. प्रत्येकाने एकदाच ‘स’ म्हणायचं होतं. पण माणसाला एकदाच ‘स’ म्हणायला सांगितलं की तो तीनदा म्हणतो, मग शेजारच्याचा ऐकतो, मग माझाच बरोबर म्हणून वाद घालतो. अर्ध्या तासात सगळ्यांचे दात, ओठ आणि दोघांची नाकं काळी झाली होती. पोस्टमास्तरांची जीभ वर न जाता खालच्या दातांना टेकते असं निघालं. शिंपी म्हणाला की म्हणूनच त्यांची पत्रं उशिरा यायची.

अशात वीज मीटरचे आकडे घेणारी बाई जिन्याच्या वळणावर आली. तिने पाहिलं तर नऊ माणसं, नऊ काळी तोंडं. आणि आपली इमारत शिष्टाचाराची, त्यामुळे नऊही जण तिच्याकडे बघून मनापासून हसले. बाई आकडे न घेताच गेली.

तीन महिने गटार तुंबल्याची तक्रार करूनही आरोग्य खात्याचं कुणी फिरकलं नव्हतं. त्या दिवशी ते पस्तीस मिनिटांत आले. तोंडाला पट्ट्या बांधलेला अधिकारी, त्याचा मदतनीस आणि एक पिवळा कागद. कागद त्यांनी फाटकाला चिकटवला: ‘संशयित आजार: काळी जीभ. ये-जा बंद.’ नर्सने सांगून पाहिलं की हा कोळसा आहे, पण तिचीही जीभ काळी असल्यामुळे तिचं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं नाही.

“साहेब, आम्ही जीभ कुठे लागते ते बघत होतो,” काटेकोर म्हणाले.

“कुठे लागते?”

“दातांच्या मागे. फक्त पोस्टमास्तरांची खाली.”

अधिकाऱ्याने मदतनिसाला लिहायला सांगितलं: रुग्ण असंबद्ध बोलतात. काटेकोर यांचा स्वाभिमान डिवचला गेला. वीस वर्षं लोकांच्या नोंदी त्यांनी केल्या होत्या, स्वतःची नोंद होताना पाहायची वेळ पहिलीच. “मीसुद्धा सरकारी नोकर आहे!” ते काळं तोंड पुढे करून म्हणाले.

“मग हे नऊ जणांना कोळसा फासायचं सरकारी काम कुठलं?” अधिकारीही आता चिडला. “कारण काय? मला कारण लिहावं लागतं!”

“कारण माझ्या आईच्या ‘स’ला शिट्टी येते!” काटेकोर ओरडले.

जिना चांगला दणदणीत घुमणारा होता. ‘शिट्टी येते, शिट्टी येते’ असं तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. सगळ्यांनी वर पाहिलं. कठड्याला धरून आई उभी होती. ती तिथे किती वेळ होती कोण जाणे. तिने मुलाच्या हातातली वही पाहिली, खालची नऊ तोंडं पाहिली, फाटकावरचा पिवळा कागद पाहिला.

“छान,” ती म्हणाली. “आता कुणालाही वेगळं कळवायला नको.” आणि आत गेली.

शिंप्याने उगीच खिशातून टाचण्या काढून ओठांत धरल्या. काटेकोर पायऱ्या न मोजता वर गेले. दर दोन तासांनी सगळ्यांची जीभ तपासायला येईन, असं अधिकारी मागून सांगत होता. काटेकोर यांच्या कानावर ते पडलं नाही.

आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. ते दारात उभे राहिले. “आई, मला फक्त तू मावशीशी बोलायला हवी होतीस,” ते म्हणाले. “चूक झाली माझी. ढोल वाजवून सगळ्यांना सांगायचं नव्हतं गं.” आई वळली नाही. एवढा मोठा माणूस, पण काळ्या तोंडाने तिथे उभं राहताना त्यांना शाळेतून दौत सांडून आल्यासारखं वाटत होतं. बायकोने जेवायला वाढलं, ते कुणाला गेलं नाही.

चार वाजले. फोन वाजू लागला.

काटेकोर यांचे हात अजून तेलकट काळे होते, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. “हॅलो, मावशी,” ते म्हणाले, आणि त्यांना कळलं की आज थाप सुचत नाही.

“केस धुते आहे ना?” मावशीच म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. “अरे, मी म्हातारी झाले, आंधळी झाले, पण खुळी नाही रे झाले. अठरा दिवस झाले. ती आजारी आहे का? का माझ्यावर रागावली? त्या फ्रॉकचं मनावर घेतलं असेल तर सांग तिला, तो तिचाच होता.”

काटेकोर फोनजवळ वाकले. “मावशी, ती बरी आहे. तिची नवी कवळी शिट्टी वाजवते. ‘स’ म्हणाली की शिट्टी. त्या दिवशी तुम्हाला तिचा आवाज ओळखू आला नाही, ते तिच्या जिवाला लागलं. तेव्हापासून ती फोनला हात लावत नाही.”

“कसली शिट्टी?”

“‘स’ची. स्स्स. असं.”

“कसं?”

“स्स्स! स्स्स्स!”

“काहीतरी म्हण ना रे, मला नुसता फोन चालू असल्यासारखं वाटतंय.”

पलीकडे मावशीला एकदम उमगलं आणि ती हसायला लागली. “अरे देवा! अरे, मला ‘स’ ऐकू कुठे येतो? आठ वर्षं झाली. कानाच्या डॉक्टरने सांगितलं, वयानुसार बारीक, उंच आवाज आधी जातात. तुम्ही ‘साखर’ म्हणता, मला ‘आखर’ ऐकू येतं. बाकीचं मी मनाने भरून घेते. तुझी आई आठ वर्षं माझ्याशी ‘स’शिवायच बोलते आहे!”

“पण मग तुम्ही ‘कोण बोलतंय’ का विचारलंत?”

“तर काय करू? ‘बऱ्या आहात ना’ म्हणे! ‘गोळ्या घेता ना’ म्हणे! माझी बहीण मला जन्मात कधी ‘आहात’ म्हणाली आहे का? ती फोन उचलून ‘काय गं, अजून जिवंत आहेस?’ म्हणते. मला वाटलं, विमा विकणारी कुणी बाई आहे.”

आतल्या खोलीचं दार इतक्या जोरात उघडलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. आई तरातरा फोनशी आली. तिचे कान लाल झाले होते.

“विमा विकणारी?” ती कडाडली. “सख्ख्या बहिणीचा आवाज समजला नाही तुला? सत्तर वर्षं सोबत काढली, सगळे सल्ले सोसले, आणि सरळ विमा विकणारी समजलीस?”

अकरा ‘स’, आणि शिवाय एक-दोन भटके ‘च’ आणि ‘ज’. काच तडकेल अशा शिट्ट्या. खालून नखांचा खडखडाट आला, कुत्रा साखळी ओढत तीन जिने चढून आत घुसला आणि थेट सोफ्यावर जाऊन बसला. त्याच्या मागोमाग जिन्यावरून पोस्टमास्तरांचा आणि जीभ तपासायला आलेल्या अधिकाऱ्याचा आवाज येत होता.

फोनमधून मावशीने एक मोठा श्वास सोडला. “हां,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज भिजलेला होता. “आता आलीस. कुठे होतीस गं इतके दिवस?”

आई मटकन खुर्चीत बसली. डोळे पुसायला पदर शोधू लागली आणि तो आधीच हातात होता. “सांगते,” ती शिट्टी वाजवत म्हणाली. “सगळं सांगते. आणि तो फ्रॉक माझा होता हे तू आत्ता कबूल केलंस, मी आतून ऐकलंय. साक्षीदार आहेत.” मग तिने मान वळवली. “सोन्या, ते दार लाव आधी. आणि तोंड धू. कसला अवतार आहे हा!”

काटेकोर दार लावायला गेले. अधिकारी उंबऱ्यात उभा होता. “जीभ दाखवा,” तो म्हणाला. त्यांनी दाखवली. तिच्यावरून डोळ्यातलं पाणी ओघळत होतं आणि जिथून जाईल तिथे लाल रेघ उमटत होती. अधिकाऱ्याने आत वाजणाऱ्या शिट्ट्या थोडा वेळ ऐकल्या, कुत्र्याकडे पाहिलं, आणि काही न लिहिता कागद खिशात घातला.

बोलणं पुष्कळ चाललं. तो फ्रॉक झाला, मग कुणाची तरी जुनी सायकल झाली, मग समितीची अख्खी हकीकत, आईने तिघा डॉक्टरांची नक्कल करून सांगितलेली. खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं. काटेकोर समोर बसून होते, कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. शेवटी आईने फोन ठेवला, कवळी जिभेने चाचपली आणि मान हलवली.

“सोन्या, किती वेळ बोलले रे मी?”

“मोजलं नाही,” काटेकोर म्हणाले.

बायको हातातलं काम टाकून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.